एडी रॉबिन्सन आणि ग्रॅम्ब्लिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींना ऑगस्ट संपला की एक कोडं पडतं. शनिवार उजाडला की अख्खं गाव एकाच रंगाचे टी-शर्ट घालून कॉलेजच्या स्टेडियमकडे का लोटतं? कुलगुरूंचं नाव कुणाला ठाऊक नसतं, पण फुटबॉल कोचचं नाव शेंबडं पोरही सांगतं, असं का? या कोच मंडळींची चौकशी करणारे बहुतेक जण बेअर ब्रायंट किंवा निक सेबन यांच्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात एडी रॉबिन्सन यांच्यापासून करावी. त्यांच्या गोष्टीत हा खेळ कळतो आणि विसाव्या शतकातली अमेरिकाही कळते.

एडी रॉबिन्सन कोण होते, थोडक्यात सांगाल?

लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्ब्लिंग या छोट्या गावातल्या कॉलेजचे फुटबॉल कोच. १९४१ साली, वयाच्या २२ व्या वर्षी ते तिथे रुजू झाले आणि १९९७ च्या अखेरीस तिथूनच निवृत्त झाले. मधली महायुद्धाची दोन वर्षं संघच नव्हता, म्हणजे एकूण ५५ हंगाम. ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. त्यांच्या हाताखालून गेलेल्या २०० हून अधिक मुलांनी पुढे एनएफएल आणि तत्सम व्यावसायिक लीगमध्ये पोट भरलं. आकडे एवढ्यावर सोडतो, कारण या माणसाबद्दल सांगण्यासारखं बरंचसं आकड्यांच्या बाहेर आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे ना?

नव्हे. हा अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट-पॅड घालून खेळायचा खेळ. बाजूला अकरा-अकरा जण, मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं; जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, सहा गुण.

एक जागा मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचं काम पडणार आहे: क्वार्टरबॅक. प्रत्येक चाल याच्या हातून सुरू होते. चेंडू फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. समोरच्यांची मांडणी वाचून ऐन वेळी चाल बदलायची मुभाही त्यालाच.

पण कॉलेजच्या संघाचं एवढं स्तोम कशाला?

अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत व्यावसायिक संघच नाही, त्यामुळे राज्याचा अभिमान विद्यापीठाच्या संघाला चिकटलेला असतो. शिवाय एनएफएलचा रस्ता कॉलेजातूनच जातो. आणि कॉलेजात खेळाडू तीन-चार वर्षांतच बदलतात, टिकून राहतो तो कोच. मुलांच्या घरी जाऊन आई-वडिलांना पटवण्यापासून ते मुलगा वर्गात बसतो की नाही हे बघण्यापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात. आपल्याकडे तालमीतला वस्ताद जसा पोराच्या खुराकापासून चारित्र्यापर्यंत सगळ्याला जबाबदार धरला जातो, तसंच काहीसं. फरक एवढाच की आजचे मोठे कॉलेज कोच वर्षाला लाखो डॉलर घेतात. रॉबिन्सन यांचा पहिला पगार पुढे सांगतो, तो ऐकून घ्या.

ग्रॅम्ब्लिंग हे कसलं कॉलेज?

उत्तर लुइझियानातल्या पाइनच्या टेकड्यांमधलं, कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेलं. आपल्या पोरांना शिकायला जागा हवी म्हणून तिथल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी अलाबामातल्या टस्कीगी संस्थेचे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे मदत मागितली. त्यांनी टस्कीगीहून चार्ल्स ॲडम्स या तरुणाला पाठवलं आणि १९०१ मध्ये शाळा उभी राहिली. रॉबिन्सन आले तेव्हा तिचं लांबलचक नाव होतं ‘लुइझियाना नीग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’. त्याचं ग्रॅम्ब्लिंग कॉलेज झालं १९४० च्या दशकात आणि विद्यापीठ १९७४ मध्ये.

कायद्याने वेगळं ठेवलेलं जग होतं ते. काही मैलांवरच्या रस्टन गावात गोऱ्या मुलांचं लुइझियाना टेक होतं. दोन्हीकडे फुटबॉल खेळला जाई, पण या दोन संघांनी एका मैदानात उतरणं त्या काळी कल्पनेतही बसत नव्हतं. रॉबिन्सन यांच्या कारकिर्दीची निम्मी वर्षं या भिंतीच्या आत गेली, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचा कुठलाही विक्रम नीट वाचता येत नाही.

त्यांचं बालपण कसं होतं? कोच व्हायचं कधी ठरलं?

जन्म १३ फेब्रुवारी १९१९, लुइझियानातल्या जॅक्सन गावी. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे, आई लोकांकडे घरकाम करणारी. पुढे बिऱ्हाड बॅटन रूजला हललं. तिथे शाळकरी वयात त्यांनी हायस्कूलचा कोच आणि त्याच्यामागे शिस्तीत चालणारी मुलं पाहिली आणि तेव्हाच ठरवलं की आपल्याला हेच करायचं. बहुतेक मुलं खेळाडू व्हायचं स्वप्न बघतात. या मुलाला शिट्टी हवी होती.

मॅकिन्ली हायस्कूल आणि मग लीलंड हे छोटं कॉलेज, तिथे ते स्वतः क्वार्टरबॅक खेळले. पदवी मिळाली १९४१ मध्ये. पदवी होती, पण कृष्णवर्णीय पदवीधराला कोच म्हणून कोण घेणार? म्हणून बॅटन रूजच्या एका पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर पोती उचलायची. त्याच वर्षी डोरिस मॉट यांच्याशी लग्नही झालं. तेवढ्यात ग्रॅम्ब्लिंगला कोच हवाय असं कळलं.

पहिला पगार किती होता?

महिन्याला ६३ डॉलर ७५ सेंट. गिरणीत रोज आठ तास धरून महिन्याचे २६ दिवस काम केलं असतं तर ५२ डॉलर झाले असते. म्हणजे कॉलेजातल्या ‘साहेबी’ नोकरीने बारा डॉलरची बढती दिली.

त्या बदल्यात काम काय होतं ते बघा. फुटबॉल शिकवायचा, बास्केटबॉल शिकवायचा, वर्ग घ्यायचे. सहायक कोच नाही. मदतीला होता तो कॉलेजचा रात्रपाळीचा पहारेकरी. मैदानावरचं गवत कापायचं, चुन्याच्या रेघा स्वतः मारायच्या, मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, फाटकं सामान शिवायचं. सामना संपला की त्याची बातमी स्वतःच लिहून वर्तमानपत्रांना धाडायची, कारण दुसरं कुणी लिहिणार नव्हतं. कुलगुरू राल्फ वॉल्डो इमर्सन जोन्स हे स्वतः बेसबॉल संघाचे कोच होते, तेव्हा तक्रार करायची तरी कुणाकडे! हे जोन्स पुढे अनेक दशकं रॉबिन्सन यांच्या पाठीशी उभे राहिले. ‘प्रेझ’ म्हणत त्यांना सगळे.

१९४२ च्या संघाविरुद्ध एकही गुण झाला नाही, हे खरं?

खरं. पहिल्या वर्षी तीन विजय आणि पाच पराभव अशी यथातथाच सुरुवात झाली. दुसऱ्या वर्षी नऊ सामने, नऊ विजय, आणि समोरच्यांचे सगळे मिळून गुण शून्य. मग युद्धामुळे १९४३ आणि १९४४ मध्ये संघ बंद ठेवावा लागला. रॉबिन्सन यांनी तोवर गावच्या हायस्कूलचा संघ चालवला.

सगळा संघ कापूस वेचायला नेला होता, ती गोष्ट काय आहे?

सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट ग्रॅम्ब्लिंगमध्ये अजून सांगतात. ऐन हंगामात दोन चांगल्या खेळाडूंच्या वडिलांनी पोरांना घरी नेलं. कापूस फुटला होता, वेचायला माणसं नव्हती. रॉबिन्सन यांनी वाद घातला नाही की विनवण्या केल्या नाहीत. उरलेला संघ घेऊन ते थेट शेतात गेले, सगळ्यांनी मिळून कापूस वेचला, आणि काम उरकल्यावर दोन्ही पोरं परत मिळाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यातलं गांभीर्य वेगळं समजावून सांगायला नको. वेचणी थांबली तर बापाचं वर्ष जातं. कोच स्वतः कापसाच्या शेतातून आलेला होता, त्यामुळे कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे त्याला बरोबर कळलं.

वर्णभेदाच्या काळात संघ प्रवास कसा करायचा?

डबे बांधून. दक्षिणेतल्या हमरस्त्यांवरची हॉटेलं कृष्णवर्णीयांना आत घेत नसत, पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरू देत नसत. म्हणून निघण्याआधी सँडविच करून बसमध्ये ठेवायची. रॉबिन्सन स्वतः पाव कापायला बसत. मुक्काम करायचा तर दुसऱ्या एखाद्या कृष्णवर्णीय कॉलेजच्या वसतिगृहात, नाहीतर रातोरात परत. कुठे थांबायचं नाही, कुणाच्या तोंडाला लागायचं नाही, हेही कोचनेच मुलांना शिकवायचं.

त्यांचा पहिला खेळाडू एनएफएलमध्ये कधी गेला?

१९४९ मध्ये. पॉल यंगर, सगळे ‘टँक’ म्हणत. लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला घेतलं आणि कृष्णवर्णीय कॉलेजातून एनएफएलमध्ये खेळणारा तो पहिला ठरला. निघताना रॉबिन्सन यांनी त्याच्यावर मोठं ओझं टाकलं. आशय असा की तू तिथे टिकला नाहीस तर ते म्हणतील, तुमच्यातला सर्वांत चांगला आम्ही घेऊन बघितला. मग आपल्या मुलांना पुन्हा कधी संधी मिळेल कोण जाणे. विशीतल्या पोराच्या खांद्यावर सगळ्यांची उमेदवारी! मला हे वाचताना जरा क्रूर वाटतं, पण त्यातला हिशेब चुकीचा नव्हता. यंगर टिकला, दहा हंगाम खेळला, चार वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला.

त्याच्यामागून रांग लागली. विली डेव्हिस ग्रीन बे पॅकर्सच्या पाच विजेतेपदांत होता. व्यावसायिक संघ दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजातले खेळाडू निवडतात; बक ब्यूकॅनन १९६३ मध्ये एएफएल या प्रतिस्पर्धी लीगच्या अशा निवडीत अगदी पहिल्या क्रमांकावर घेतला गेला. विली ब्राउन आणि चार्ली जॉइनर धरून ग्रॅम्ब्लिंगचे हे चौघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. त्यांच्यापैकी ब्राउनला तर निवडीच्या दिवशी कुणी घेतलंही नव्हतं.

क्वार्टरबॅकचा एवढा मुद्दा का केला जातो?

कारण तिथे सगळ्यात जाड कुलूप होतं. कृष्णवर्णीय मुलगा वेगाने पळेल, ताकदीने धडक देईल, हे एव्हाना एनएफएलला मान्य झालं होतं. पण अकरा जणांना हुकूम सोडायचा, चाल वाचायची, डोकं चालवायचं, ते काम गोऱ्याचं, असा अलिखित नियम होता. कॉलेजात क्वार्टरबॅक खेळलेला कृष्णवर्णीय मुलगा एनएफएलमध्ये गेला की त्याला दुसऱ्या जागेवर ढकलत: चेंडू झेलायला लाव, बचावात मागे उभा कर.

रॉबिन्सन यांनी १९६० च्या दशकात ठरवून हे कुलूप फोडायला घेतलं. मन्रो गावचा जेम्स हॅरिस त्यांच्याकडे आला तेव्हापासून त्याला व्यावसायिक क्वार्टरबॅक म्हणूनच घडवायचं, हे पक्कं होतं. उंचापुरा, जोरदार हात असलेला मुलगा. दुसऱ्या जागेवर हलवायची सबब कुणाला मिळू नये म्हणून एनएफएलमध्ये चालतात तसे पास, तशी मांडणी त्याच्याकडून घोटून घेतली. जागा बदलायला कुणी सांगितलं तर नाही म्हणायचं, हा सल्लाही दिला. १९६९ च्या निवडीत सात फेऱ्या त्याला कुणी विचारलं नाही. आठव्या फेरीत बफेलोने घेतलं, आणि त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तो सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरला. हंगामाची सुरुवात करणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. १९७४ मध्ये त्याने रॅम्सला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, नेलं.

मग आला डग विल्यम्स, झॅकरीचा. १९७८ मध्ये टँपा बेने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं. हॅरिसला आठव्या फेरीपर्यंत ताटकळत ठेवणाऱ्या लीगने नऊ वर्षांत एवढी मजल मारली. पुढचा रस्ता विल्यम्ससाठी सरळ नव्हता: पैशांवरून टँपाशी बिनसलं, मग दुसऱ्या लीगमध्ये खेळला, वॉशिंग्टनला आला तो राखीव म्हणून. आणि ३१ जानेवारी १९८८ ला सॅन डिएगोत सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. डेन्व्हरने १०–० अशी आघाडी घेतली होती. सामन्याच्या दुसऱ्या चतुर्थांशात वॉशिंग्टनने ३५ गुण केले, त्यात विल्यम्सचे चार टचडाउन पास. शेवटी ४२–१०. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू विल्यम्स. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ग्रॅम्ब्लिंगच्या मैदानावर घडलेला होता.

आज एनएफएलमध्ये कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक हा बातमीचा विषय राहिलेला नाही. रॉबिन्सन यांचा मोठा विजय कुठला असं मला विचारलं तर मी ४०८ मधला एकही सांगणार नाही, हा सांगेन.

त्यांची शिकवायची पद्धत कशी होती?

चाली थोड्या, घोटाई फार. ‘विंग-टी’ नावाची मांडणी त्यांनी वर्षानुवर्षं वापरली: चेंडू घेऊन पळणारे दोन-तीन जण एकमेकांना छेदून धावतात आणि चेंडू नेमका कुणाकडे गेला हे समोरच्याला उमगत नाही. ही फसवणूक पावलांच्या मापावर चालते. एकाचं पाऊल अर्धा यार्ड चुकलं की सगळं उघडं पडतं. म्हणून तीच चाल पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. वयाच्या साठीतही ते स्वतः गुडघे वाकवून उभं कसं राहायचं ते करून दाखवत.

मैदानाबाहेरची शिस्त त्याहून कडक. सकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यातून ते हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन फिरत, दारोदारी वाजवत. वर्ग बुडवून कुणी झोपून राहायचं नाही. प्रवासात कोट-टाय. जेवताना काटे-चमचे कसे धरायचे, मुलाखतीला कसं बसायचं, हेही शिकवायचं. प्रत्येक मुलाला असं शिकवावं की उद्या तो आपल्या मुलीला मागणी घालणार आहे, असं ते इतर कोचना सांगत. मुलांच्या आयांशी त्यांचं विशेष जमे. पोरगा वर्गात जाईल, चर्चला जाईल, पदवी घेईल, एवढा शब्द ते घरी जाऊन देत.

ते स्वतःही शिकत राहिले. १९५४ मध्ये आयोवा विद्यापीठातून मास्टर्स केलं. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांत तेव्हा त्यांच्यासारख्याला शिकायला सहज जागा मिळत नव्हती, म्हणून उत्तरेकडे.

एवढ्याशा गावाचा संघ देशभर कसा गाजला?

यात कॉली निकल्सन या माणसाचा मोठा हात. ते कॉलेजचे क्रीडा-प्रसिद्धी अधिकारी, आधी मरीन दलात युद्धवार्ताहर. ग्रॅम्ब्लिंगच्या बातम्या त्यांनी देशभरच्या कृष्णवर्णीय साप्ताहिकांत पेरल्या. गावात मोठं स्टेडियम नव्हतं, तर संघच मोठ्या शहरांत न्यायचा, अशी शक्कल. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर मॉर्गन स्टेटविरुद्ध साठ हजारांहून जास्त लोक आले. ग्रॅम्ब्लिंग ९–७ ने हरलं, शेवटी गोलरेषेच्या तोंडाशी अडलं, पण तिकीटबारीने जे सांगायचं ते सांगितलं. १९७६ मध्ये हेच दोन संघ टोकियोला जाऊन खेळले. १९७४ पासून सदर्न विद्यापीठाविरुद्धचा सामना न्यू ऑर्लिन्सला ‘बायू क्लासिक’ म्हणून सुरू झाला, तो आजही होतो. आणि बँडला विसरून चालणार नाही: १९६७ च्या पहिल्या सुपर बोलच्या मध्यंतरात ग्रॅम्ब्लिंगचा बँड वाजला होता.

भिंत पडल्यावर फायदा झाला असेल ना?

मुलांचा झाला. संघाचा नाही.

१९७० च्या सप्टेंबरमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाचा मिश्र संघ बर्मिंगहॅमला आला आणि बेअर ब्रायंट यांच्या गोऱ्या अलाबामाला धूळ चारून गेला. बदल त्याआधीच सुरू झाला होता, ब्रायंट यांनी एका कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन घेतलंही होतं, पण त्या रात्रीनंतर दक्षिणेत वाद घालायला कुणी उरलं नाही. काही वर्षांत अलाबामा, लुइझियाना स्टेट, सगळेच कृष्णवर्णीय मुलांच्या दारात उभे राहिले. टीव्ही, मोठी स्टेडियमं, गुबगुबीत बजेट त्यांच्याकडे. जो मुलगा कालपर्यंत ग्रॅम्ब्लिंगशिवाय कुठे जाऊ शकत नव्हता, त्याला आता वीस ठिकाणांहून बोलावणं.

ही या कारकिर्दीतली खरी पेचाची जागा. ज्या दारांवर रॉबिन्सन यांनी तीस वर्षं धडका दिल्या ती उघडली, आणि त्यातून त्यांचेच संभाव्य खेळाडू बाहेर पडले. तरीही १९६० ते १९८६ या सलग २७ हंगामांत त्यांचा संघ एकदाही पराभवाच्या बाजूला झुकला नाही. त्यातली मागची पंधराएक वर्षं उताराला लागलेल्या बाजारातली आहेत. माझ्या लेखी ती आधीच्या सुवर्णकाळापेक्षा वजनदार.

ब्रायंट यांचा विक्रम मोडला तेव्हा वाद का झाला?

५ ऑक्टोबर १९८५ ला डॅलसच्या कॉटन बोल स्टेडियममध्ये प्रेअरी व्ह्यूला २७–७ ने हरवून रॉबिन्सन ३२४ व्या विजयावर पोहोचले. ब्रायंट ३२३ वर थांबले होते. लगेच काहींनी कुरकुर केली: ग्रॅम्ब्लिंग खालच्या गटात खेळतं, समोरचे संघ दुबळे, मग तुलना कशी करायची?

आक्षेपात तथ्य एवढंच की दोघांचे प्रतिस्पर्धी वेगळे होते. पण ते वेगळे का होते? ग्रॅम्ब्लिंगने मोठ्या गोऱ्या कॉलेजांशी खेळायला नकार दिला नव्हता. उलट बाजूने दार बंद होतं. ज्या स्पर्धेत प्रवेशच नाही तिथे जिंकला नाहीत म्हणून गुण कापायचे, हा न्याय मला तरी पटत नाही. स्वतः रॉबिन्सन मात्र ब्रायंट यांच्याविषयी आदरानेच बोलत राहिले. वाद इतरांनी घातला.

त्यांच्यावर टीका झालीच नाही का?

झाली, आणि काही रास्त होती. १९६७ मध्ये ग्रॅम्ब्लिंगच्याच विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं: इथे फुटबॉलला एवढं महत्त्व आणि अभ्यासाची आबाळ, हे कसलं कॉलेज? प्रकरण नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाला बोलावण्यापर्यंत गेलं. रोख प्रशासनावर होता, पण फुटबॉल म्हणजे रॉबिन्सन, त्यामुळे झळ त्यांनाही लागली.

दुसरी टीका त्यांच्या राजकीय मवाळपणावर. रस्त्यावर मोर्चे निघत होते त्या काळात हा माणूस मुलांना अमेरिकेवर श्रद्धा ठेवा, कष्ट करा, देश तुम्हाला संधी देईल असं सांगत होता. तरुणांना ते जुनाट वाटलं तर नवल नाही. मला वाटतं, हॅरिस आणि विल्यम्स ही त्यांची घोषणाबाजी होती. पण १९६८ मध्ये विशीत असतो तर मीही कदाचित त्यांच्यावर वैतागलो असतो.

तिसरी टीका शेवटच्या वर्षांबद्दल. ते थांबायला हवे होते तेव्हा थांबले नाहीत.

शेवट कसा झाला?

कडू-गोड. ऑक्टोबर १९९५ मध्ये ४०० वा विजय झाला, पण तो हंगामच पराभवाकडे झुकला. १९९६ मध्ये तीन विजय, आठ पराभव. त्यांना घालवा, असा दबाव माजी विद्यार्थी आणि प्रशासनातून येऊ लागला. बातमी फुटल्यावर देशभर गदारोळ झाला, राज्याच्या राजकारण्यांनाही मध्ये पडावंसं वाटलं, आणि निरोपाचा एक हंगाम देण्यात आला. त्यातही तीन विजय, आठ पराभवच. शेवटचा सामना न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सदर्नविरुद्ध, ३०–७ असा पराभव. त्यांच्या जागी १९९८ पासून आले डग विल्यम्स, आणि त्यांनी २००० ते २००२ अशी सलग तीन वर्षं कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, विजेतेपद आणलं.

सर्वाधिक विजयांचा विक्रम आज त्यांच्याच नावावर आहे का?

नाही, आणि याचीही एक गुंतागुंत आहे. सर्व गट धरले तर मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे जॉन गॅग्लिआर्डी २००३ मध्ये पुढे गेले आणि ४८९ वर थांबले. फक्त ‘डिव्हिजन वन’ धरलं (ग्रॅम्ब्लिंग त्यातल्याच खालच्या उपगटात) तर पेन स्टेटचे जो पॅटर्नो यांनी २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ४०९ वा विजय नोंदवला. काही दिवसांतच त्यांच्या माजी सहायकाचं बाल-लैंगिक अत्याचारांचं प्रकरण उघड झालं. २०१२ मध्ये एनसीएए या नियामक संस्थेने पॅटर्नो यांचे १११ विजय रद्द केले आणि रॉबिन्सन पुन्हा वर आले. २०१५ मध्ये तडजोडीत ते विजय परत दिले गेले. तेव्हा रॉबिन्सन हयात नव्हते. जगात नसलेला माणूस विक्रमाच्या तक्त्यावर वर-खाली होत राहिला.

कुटुंबाविषयी काही?

डोरिस आणि ते साठ वर्षांहून अधिक काळ एकत्र होते. मुलगी लिलियन रोज, मुलगा एडी ज्युनियर. मुलगा वडिलांच्याच हाताखाली सहायक कोच होता. आपला खरा विक्रम म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं एकच नोकरी आणि एकच बायको, असं रॉबिन्सन सांगत. कोच मंडळींच्या जगात, जिथे तीन वर्षांत बिऱ्हाड हलतं, तिथे हे खरंच दुर्मीळ आहे.

ते कधी वारले?

३ एप्रिल २००७ रोजी, रस्टनमध्ये, ८८ व्या वर्षी. अखेरची काही वर्षं अल्झायमर्सने ग्रासलं होतं. त्यांचं पार्थिव बॅटन रूजच्या स्टेट कॅपिटॉलमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवलं गेलं. ही इमारत १९३२ मध्ये उभी राहिली तेव्हा तेरा वर्षांचा एडी त्याच शहरात राहत होता, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळेत शिकत होता.

लुइझियानात गेलो तर काय बघता येईल?

ग्रॅम्ब्लिंगला आंतरराज्य महामार्ग २० वरून जाता येतं. मुक्काम रस्टनला करा, गावात सोयी कमी. विद्यापीठाच्या आवारात २०१० मध्ये उघडलेलं रॉबिन्सन यांचं संग्रहालय आहे, आणि त्यांच्याच नावाचं स्टेडियम. शरद ऋतूतला घरच्या मैदानावरचा शनिवार साधला तर उत्तम. ते नाही जमलं तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी न्यू ऑर्लिन्सला बायू क्लासिक गाठा. तिकीट आणि हॉटेल आधीच बघून ठेवा, त्या आठवड्यात शहर फुलून जातं. आणि मध्यंतरात खायला उठू नका. दोन्ही विद्यापीठांच्या बँडची जुगलबंदी तेव्हाही होते, आणि बरेच जण सामन्यापेक्षा तिच्यासाठीच तिकीट काढतात.